भोगीचं गरम पाणी

सदाशिवरावाच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. त्यात सदाशिवरावाचा गळा वावरातली रानडुकरं हाकलून हाकलून तयार झालेला. त्यामुळे त्यांच्या घरचं भांडण मला घरबसल्या ऐकू येतं, कान लावावा लागत नाही. त्या दिवशी सकाळी भांडण पेटलं ते बंबावरून, आणि बंब मात्र थंडगार पडला होता.

बंब तांब्याचा, सदाशिवरावाच्या आईच्या वेळचा. कोकिळावहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून हिवाळाभर तो पेटवण्याचं काम त्यांच्याकडे. आमच्याकडे जळण म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की झाडं उपटायची, भारे बांधून कुंपणाला लावायचे आणि वर्षभर जाळायचे. पण पूस महिन्यात दवानं पऱ्हाटी ओली होते. मग ती पेटत नाही, नुसती धुपते. फुंकणीनं फुंकून फुंकून वहिनींचे डोळे लाल व्हायचे, ते दुपारपर्यंत उतरायचे नाहीत. मारेगावच्या डॉक्टरनं थेंब दिले आणि सांगितलं की बाई, धूर सोडा, नाहीतर थेंब सोडा, दोन्ही एका ठिकाणी चालायचं नाही.

म्हणून दिवाळीत वहिनींनी हट्टानं छतावर सोलर बसवून घेतलं. काचेच्या नळ्या, वर गोल टाकी, बाजूला थंड पाण्याची मोठी टाकी. दिसायला झकास. थंडी पडेपर्यंत सकाळी कोणी त्याच्या वाट्याला गेलं नाही. गेलं तेव्हा कळलं की सकाळी आंघोळीला नळ उघडला की लोटाभर गरम पाणी येतं, मग नळ घुर्रर्र करतो आणि गप्प बसतो. दुपारी बारा वाजता मात्र तोच नळ धो धो वाहतो. आता दुपारी बाराला गरम पाणी घेऊन माणसानं काय करावं?

सदाशिवरावानं त्या सकाळी निकालच लावला.

"भोगीले जवाईबापू येऊन राह्यले. पयली संक्रात हाय त्याइची. त्या दिवशी त्याइले गरम पान्यानं आंघोय भेटली, तं तुयं सोलर राहीन. नाई भेटली तं सनाच्या दुसऱ्या दिवशी खाली उतरवतो. मंग बंब, पऱ्हाटी अन् तू."

"चालते," वहिनी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण भिंतीच्या या बाजूला मला त्यांच्या डोळ्यांची चिंता लागली.

गावात एखाद्याचा नळ बिघडला की शहाण्यांची कमी पडत नाही. पहिला शहाणा मी. मी म्हटलं, वहिनी, आपल्या बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो की नाही, तसाच नळाच्या तोंडाशी बसला असणार. तोटीची जाळी काढा आणि रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवा. त्यांनी ठेवली. सकाळी जाळी सोन्यासारखी चमकली. पाणी लोटाभरच आलं.

मग तांड्यावरून रामधन आला. सदाशिवरावाचा जुना दोस्त, वावरातल्या पाइपलाइनी जोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्यानं ऐकलं आणि सांगितलं की पाइपात हवा अडकली असेल. नळाला तोंड लावून ओढली की निघते. ही गोष्ट खरी आहे, वावरात आम्ही सगळेच करतो. पण रामधननं ती केली दुपारी दोन वाजता. तोंड लावलं, तोटी फिरवली, आणि सोलरचं पाणी किती तापतं हे साऱ्या आळीत त्यालाच पहिल्यांदा कळलं. "याडी ये," त्यानं आपल्या बोलीत आईला हाक मारली आणि अंगणात उकिडवा बसून राहिला. वहिनींनी त्याला ताक दिलं. ताक पिता पिता तोही हसायला लागला.

मारेगावहून प्लंबरही येऊन गेला. तोही बिचारा दुपारीच आला. नळ उघडला, बंद केला, परत उघडला. "काकू, पानी तं मस्त येऊन राह्यलं," म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. माझ्या बायकोनं, धुरपतानं, लिंबू-मिरची बांधायला सांगितली. तीही बांधली. नळ लिंबू-मिरची लेवून घुर्रर्र करायला लागला.

भोगीच्या आदल्या दिवशी त्यांची लेक वैष्णवी आणि जावई अंकुर आले. पोरगा यवतमाळला राहणारा, लाजाळू, अर्धी भाकर मागायलाही संकोचणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी अशी की गोठ्यातली जनावरंही उठायला तयार नव्हती. पण न खाई भोगी तो सदा रोगी, आणि आमच्याकडे नुसतं खाऊन भागत नाही, तीळ लावून न्हावंही लागतं. वैष्णवीनं वाटलेले तीळ दिले. अंकुर नखशिखांत तीळ फासून न्हाणीत गेला आणि दार लावलं. मागच्या अंगणात सदाशिवरावानं आधीच बंब पेटवून ठेवला होता. धूर आमच्याकडे यायला लागला तेव्हा मला कळलं की निकाल लागल्यात जमा आहे. मी अंगणातल्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. धुरपताही आली.

आतून एक लोटा ओतल्याचा आवाज आला. मग घुर्रर्र. शेवटी बारीक आवाज आला.

"मामी, पानी गेलं वाटते."

वहिनींचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? त्या चुलीजवळून उठल्या आणि टाकीच रिकामी आहे का ते बघायला जिना चढल्या. वर सदाशिवराव उभा होता. तो रोज पहाटे छतावर जाऊन वावराकडे बघतो, डुकरं तुरीत शिरली का म्हणून. टाकी भरलेली होती. पण टाकीतून सोलरकडे जाणाऱ्या पाइपाचा कॉक आडवा होता.

"हा कोनं बंद केला?"

"म्या," सदाशिवराव म्हणाला. "रोजच करतो."

"रोज?"

"मंग? वावरात एका पट्टीले पानी द्याचं असलं तं दुसऱ्या पट्टीचा कॉक बंदच कराव लागते नं. खाली गरम पाह्यजे, तं वरून थंडं कायले सोडाचं? मिसयलं तं कोमट नाई होनार काय? तुयं सोलर नीट चालावं म्हनून अंधारात उठतो मी. न्यारीच्या वक्ती उघडून देतो. एवढं करूनयी पानी येत नाई, म्हंजे सोलरच खोटं हाय."

नवरा महिनाभर वहिनींच्याच बाजूनं लढत होता आणि रोज त्यांनाच हरवत होता.

"अवो, मारेगावच्या यष्टीत मांगून रेटा नसला तं पुढचा मानूस हालते काय? थंडं खालून आत घुसते, तवा वरचं गरम बाहेर पडते. तुमी रेटनाराच बंद करून ठेवला."

त्यांनी कॉक सरळ केला. खाली न्हाणीत नळ उघडाच होता. घुर्रर्र झालं, थुंकल्यासारखं थोडं झालं, आणि मग पाणी असं सुटलं की आम्हाला भिंतीपलीकडे ऐकू आलं. लगेच तो लाजाळू पोरगा ओरडला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

"मामी, थंडं पानी कुठी हाय?"

मी भिंतीला धरून हसलो. रामधनची जीभ आठवली, माझी चिंचेत भिजलेली जाळी आठवली, आणखी हसलो. सदाशिवराव जिना उतरला, पेटलेल्या बंबाजवळ गेला आणि त्या पाण्यानं गुपचूप आंघोळ करून आला. शब्दाला पक्का माणूस, सोलर राहिलं. बंब घासून देवघराशेजारी ठेवला, त्यात आता तूर भरतात.

धुरपता मात्र हसली नव्हती. ती त्यांच्या अंगणाकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी संक्रांत. सकाळी तिनं परत भिंतीवरून पाहिलं. कोकिळावहिनी पायरीवर उन्हात बसून निवांत चहा पीत होत्या. डोळे स्वच्छ, अंगणात धुराचं नाव नाही. धुरपता घरात आली आणि आमच्या बंबाची फुंकणी माझ्या हातात दिली.

"लोकाइच्या नळातलं लई समजते तुमाले. आता घरच्या बंबातलंयी शिका."

पऱ्हाटी ओली होती. मी फुंकत राहिलो, ती धुपत राहिली. भिंतीवरून सदाशिवराव डोकावला, नुकताच न्हालेला, केसांतून पाणी गळत होतं. म्हणाला, "लेका, आदल्या दिवशी उन्हात वायवून ठेवत जाय." सल्ला बरोबर होता, म्हणून जास्तच झोंबला.

डोळे पुसत मी धुरपताला विचारलं, "आपल्या छतावर ऊन किती वाजता येते वं?"

"दिवाईपासून तेच सांगून राह्यली," ती म्हणाली, आणि चहा घेऊन पायरीवर जाऊन बसली.