अवसेचा मचवा

विष्णुपंत जोशांकडे कुणी मुहूर्त विचारायला आलं नाही, असा दिवस पुणतांब्यात उगवत नसे. विहिरीला पहिली कुदळ मारायची असो की दावणीला नवी म्हैस आणायची असो, माणूस आधी पंतांच्या ओट्यावर येऊन टेकायचा. आणि पंत तरी कसले! समोरच्याची सगळी चौकशी झाल्याशिवाय पंचांगाला हात लावायचे नाहीत. म्हैस कुठली, वेत कितवं, शिंगं कशी? लोक वैतागायचे. पण साठी जवळ आली तरी पंतांची ही खोड काही गेली नव्हती.

अशा माणसाला महायुद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षी, ऐन वैशाखात, आप्पासाहेबांनी बोलावून घेतलं. आप्पासाहेब म्हणजे गोदाकाठचे बागाईतदार आणि पंतांचे लहानपणापासूनचे दोस्त.

"पंत, हिला दर्या दावायचा हाय," ते म्हणाले. "निस्ता काठावरून न्हाई. नावंत बसवून."

ही म्हणजे राहीबाई, त्यांची बायको. राहीबाईंच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, याला औषध नाही, दिवाळीपर्यंत जे दिसेल ते दिसेल. आताच सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांना सगळं पांढरंफटक व्हायचं आणि दिवेलागणीला तर हात धरून न्यावं लागायचं. ऊन डोक्यावर आलं की तेवढा वेळ मात्र त्यांचे डोळे बरे चालत. तेवढ्या वेळात त्या घरभर फिरून एकेक वस्तू पाहून घेत. आप्पासाहेबांना ते बघवत नसे. एकदा त्यांनी विचारलं, काय बघायचं राहिलंय तुझं? राहीबाई म्हणाल्या, दर्या.

झालं! पंतांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी स्वतः तरी समुद्र कुठं पाहिला होता? त्यांचा भाचा नृसिंह अलिबागच्या कचेरीत कारकून होता. मुंबईची माणसं तिथं हवा खायला येतात आणि मचवा, म्हणजे शिडाची मोठी होडी, ठरवून कुलाब्याच्या किल्ल्याला वळसा घालून येतात, हे त्याच्याकडून पंतांनी कधीच ऐकून ठेवलं होतं. त्यांनी पंचांग उघडलं. प्रवासाला उत्तम म्हणून वद्य दशमी काढली. राहीबाईंसाठी वेळ धरली टळटळीत दुपारची. नृसिंहाला तसं कळवलं आणि मग आप्पासाहेबांच्या पडवीत बसून दोघांनी बाकीची सफर रंगवायला घेतली. धपाटी किती न्यायची, दह्याचं मडकं होडीत कुठं ठेवायचं, ऊन लागू नये म्हणून खाटेवरची चादर कशी ताणायची, सगळं झालं. प्यायचं पाणी बरोबर न्यायचं, हे मात्र आप्पासाहेबांना काही केल्या पटेना.

"दर्यात बसून घरून पानी न्यायचं? लोक हसतील, पंत."

आठवड्यानं नृसिंह रजेवर आला. सरळ पडवीतच आला आणि खाली बसायच्या आधीच हसत सुटला.

"मामा, मचवा चालवणाऱ्या तांडेलानं विचारलंय, दशमीला भर दुपारी मचवा काय चिखलातून ओढत न्यायचा? त्या वेळी खाडीत पाणी नसतं. किल्ल्यापर्यंत माणसं चालत जातात."

आप्पासाहेबांनी पंतांकडे पाहिलं आणि पंतांनी नृसिंहाकडे. गोदेच्या काठी जन्म काढलेली ही माणसं. नदी वैशाखात आटते आणि पावसाळ्यात फुगते, एवढं त्यांना ठाऊक. दिवसातून दोनदा आटणारं पाणी त्यांच्या हिशेबातच नव्हतं. भरती-ओहोटी हे शब्द पंतांनी शंभरदा वाचले असतील, पण ती आपल्या होडीच्या आड येईल हे काही सुचलं नव्हतं.

आतल्या दारात राहीबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन् मंग ते पानी जातं कुठं?"

नृसिंहानं खांदे उडवले. पंत मात्र ताठ झाले. त्यांना चौकशीला विषय मिळाला होता.

"पुन्हा येतं कधी? रोज त्याच वेळी?"

"नाही मामा. रोज पाऊण तास उशिरा."

"पाऊण तास म्हणजे दोन घटका!" पंत ओरडलेच. "अरे, चंद्र रोज तेवढाच मागं पडतो! दशमीला भरती कधी म्हणालास?"

"सकाळी कोवळ्या उन्हात. मग दिवेलागण झाल्यावर."

पंत बोटांची पेरं मोजू लागले. दशमी, एकादशी, द्वादशी... एकेक तिथी पुढं सरकायची तशी भरती दोन घटका पुढं सरकायची. बोटं मागं पडावीत इतकी त्यांना घाई झाली होती. इतकी वर्षं आपण ज्या तिथ्या लोकांना सांगत आलो त्या तो एवढा मोठा समुद्र रोज पाळतो, याचा त्यांना विलक्षण आनंद झाला. आणि पेरं मोजता मोजता ते एकदम थांबले.

"भर दुपारी भरती हवी, तर अवस येते," ते हळूच म्हणाले.

"तांडेलही तेच म्हणाला," नृसिंह म्हणाला. "पौर्णिमेलाही येते, पण ती तर गेली. आणि या अवसेनंतर पावसाळ्यासाठी मचवे वर ओढून शाकारतात. मग थेट नारळी पौर्णिमेनंतर."

श्रावण संपेपर्यंत राहीबाईंना किती दिसत राहील, हे कुणी विचारलं नाही.

आप्पासाहेबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "अवसेला आमी हिरीवरबी वाकत न्हाई. आन् हिला पान्यात न्यायची? पंत, आमच्या थोरल्या पोराची, श्रीमंताची वरात तुमीच घाटावर बसवून ठिवली हुती. अवस सरंपत्तुर पाय उचलायचा न्हाई म्हनलात. वऱ्हाड उपाशी बसलं. इसरलात?"

पंत विसरले नव्हते. ती वरात त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, भुकेनं रडणारी पोरं, नवरीचा सुकलेला चेहरा. तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. आज मात्र फार ओशाळल्यासारखं झालं. ग्रंथांत शोधलं असतं तर एखादी पळवाट सापडलीही असती. पण मित्राच्या बायकोच्या डोळ्यांसाठी खोटा मुहूर्त काढायचा, हे त्यांच्या जिवावर आलं.

"मुहूर्त नाही, आप्पा," ते म्हणाले. "आहे म्हणून सांगणार नाही."

"मंग ऱ्हायलं," आप्पासाहेब म्हणाले, आणि तोंड फिरवून अंगणाकडे बघत बसले.

राहीबाई चौकट धरून बाहेर आल्या. त्यांचं माहेर सोनईचं. "आमच्याकडं शनीच्या दर्शनाला अवसेलाच गाड्या जुंपत्यात," त्या म्हणाल्या. "माझ्या बापानं शंबर अवसा केल्या. एक बैलबी लंगडला न्हाई."

"ते देवाचं काम हुतं," आप्पासाहेब म्हणाले.

"आन् हे?"

आप्पासाहेबांचा आवाज नरम झाला. "अगं, काठावरून बघू की. दशमीलाच जाऊ. सकाळच्याला तुला दिसंल तेवढं दिसंल. नावंचाच हट्ट कशापायी?"

राहीबाई खांबाला टेकून बसल्या. ऊन अजून डोक्यावर होतं, त्यामुळं त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसत असावा. त्या त्याच्याकडेच बघत बोलल्या.

"मागल्या साली गंगंचा पल्याडचा काठ मला दिसंनासा झाला. तुमी समदी म्हनता, ती बघा गुरं चालली, ती बघा बाया धुनं धुत्यात. मी व्हय म्हनती. मला काय बी दिसत न्हाई. भाचेबुवा मागं आले तवा म्हनले हुते, दर्याला पल्याडचा काठच न्हाई. नावंत बसून तिकडं बघितलं तर कुनालाच काय दिसत न्हाई. मला एकडाव तिथं बसायचंय. तुमच्या समद्यांच्यात."

आप्पासाहेबांनी पागोटं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. कितीदा त्यांनी गोदेच्या घाटावर उभं राहून तिला पलीकडचं काही ना काही दाखवलं होतं, आणि दर वेळी ती व्हय म्हणाली होती! त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं भानही त्यांना राहिलं नाही.

पंतांनी पंचांग मिटलं आणि कापडात गुंडाळलं.

"नृसिंहा, तांडेलाला सांग, अवसेला दुपारी मचवा तयार ठेव. मीही येतोय."

"पंत, मुहूर्त?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाही म्हटलं ना! मुहूर्ताशिवायच जायचं. मचव्यात पहिला पाय मी ठेवीन. काही व्हायचंच असेल तर आधी जोशाला होऊ दे." मग ते राहीबाईंकडे वळले. "वहिनी, अवसेला चंद्र असतो बरं का आभाळात. भर दुपारी, अगदी डोक्यावर. तोच ते पाणी वर काढतो."

"मंग आमाला दिसत कसा न्हाई?"

"मलाही दिसत नाही," पंत म्हणाले. "कुणालाच नाही दिसत."

राहीबाई हसल्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि आप्पासाहेबांना म्हणाल्या, "प्यायचं पानी घेऊ बरं का संगं. हसू द्या लोकास्नी."