बाबांच्या हाताला लागणारी हवा

इजिप्तमधल्या दमिएतात तळमजल्यावर लाकूड राहतं आणि वरच्या मजल्यावर माणसं. आमच्याकडेही तसंच. माझे बाबा, सुतारकामातले उस्ता शहाता, खाली नवरीमुलींसाठी कपाटं आणि पलंग करतात आणि शेवटी त्यांवर स्प्रेगनने लॅकर मारतात. गेल्या महिन्यात एका घराने सहा दारांच्या कपाटाची तीन दारं परत पाठवली. पहिली तीन आरशासारखी होती, उरलेल्या तिन्हींवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे. नवरीचं सामान उघड्या ट्रकवरून, ढोल वाजवत, सगळ्या गल्लीला दाखवत जातं. तिथे असलं दार चालत नाही.

दोष जुन्या कॉम्प्रेसरचा होता; हवेचा दाब चार बारच्या खाली गेला की लॅकर नीट फवारलं जात नाही. तो आम्ही मोडीत काढला. गुरुवारी दुसऱ्या नवरीचं कपाट जायचं होतं. "आता पुन्हा दार परत आलं ना, इनास," बाबा मला म्हणाले, "तर लोक मला फक्त स्टुलं करायला सांगतील."

हाज तोल्बांच्या कॉम्प्रेसरच्या दुकानात आम्ही बसलो न बसलो तोच चहा आला. बाबांनी चहा हातात घेऊन थेट दोनशे लिटरची लाल टाकी गाठली आणि तिच्यावर थाप मारली.

"पोट बघ कसं आहे!"

"उस्ता, हा नेलास तर तुझ्या नातवंडांनाही हवा पुरेल," हाज म्हणाले.

"काका, पोट मोठं म्हणून छाती मोठी असं नसतं," मी म्हटलं. "हा मिनिटाला किती हवा देतो?"

"लिहिलंय की. तीनशे लिटर."

"ते पंप आत किती ओढतो त्याचं. बाहेर किती देतो ते?"

हाजांनी बाबांकडे पाहिलं. "इंजिनियरबाई घेऊन आलायस होय!"

"इंजिनियर नाही. भौतिकशास्त्र शिकलीय," बाबा म्हणाले. "म्हणजे प्रश्न तेवढेच, पगार कमी."

"मला हा चालवून बघायचाय," मी म्हटलं.

"हे काय कलिंगड आहे?"

"कलिंगडवालासुद्धा चाकू लावून, आतला रंग दाखवून विकतो, काका."

यावर हाजांना हसू आवरलं नाही. त्यांनी वायर लावली. मी फोनवर वेळ लावली. काटा चार बारवरून आठ बारवर जायला पाच मिनिटं वीस सेकंद लागली. दोनशे लिटरच्या टाकीत चार बार वाढले, म्हणजे आठशे लिटर हवा. मिनिटाला दीडशे. पाटीवरच्या आकड्याच्या निम्मी.

शेजारी शंभर लिटरचा एक निळा कॉम्प्रेसर होता. त्याची टाकी लहान, पण पंपाला दोन सिलिंडर. तो तेवढंच अंतर एक मिनिट पन्नास सेकंदांत चढला. मिनिटाला दोनशे अठरा लिटर. मी खूश झाले आणि मग स्प्रेगनची पुस्तिका उघडली. गनला मिनिटाला दोनशे ऐंशी लिटर लागत होते.

"हाही पुरणार नाही," मी म्हटलं. "सहा-सात मिनिटांत काटा चारच्या खाली येईल."

"मग काय, लग्न पुढे ढकलायला सांगू?" बाबा चिडले. "त्या पुस्तिकेत दार कसं मारतात ते लिहिलंय का?"

त्यांनी एक रिकामं खोकं उभं केलं, पिशवीतली गन काढली आणि हवेतच दार रंगवायला लागले. खोक्याच्या कडेबाहेर घोडा दाबायचा, सरळ रेषेत पलीकडे जायचं, कडेबाहेर घोडा सोडायचा. हात खाली आणायचा. पुन्हा दाबायचा.

"सोडता कशाला?" हाजांनी विचारलं. "माझा भाचा तर धरूनच ठेवतो."

"म्हणून त्याचं लॅकर कडेवरून गळतं."

मी फोनकडे पाहत होते. पुस्तिकेतला आकडा घोडा सतत दाबलेला धरून होता. गन मोजली होती, पंप मोजला होता, बाबांना मोजलंच नव्हतं.

"बाबा, थांबू नका. अजून पाच मिनिटं."

"लोक बघतायत."

"बघू देत."

घोडा मिनिटातली चाळीस सेकंदं दाबलेला असायचा, फार तर दोन-तीन सेकंद इकडेतिकडे. म्हणजे बाबांना सरासरी एकशे सत्त्याऐंशी लिटर लागत होते. निळा दोनशे अठरा देत होता. लाल दीडशे. त्याची मोठी टाकी वीस मिनिटं ही तूट भरून काढणार आणि मग काटा चारच्या खाली जाणार. सहा दारांना पाऊण तास लागतो.

"वीस मिनिटं म्हणजे तीन दारं," बाबा सावकाश म्हणाले. ते लाल टाकीकडे काही वेळ बघत राहिले. जुना कॉम्प्रेसरही दोनशे लिटरचाच होता, त्यांनीच निवडलेला. "तोल्बा, निळा बांध."

"आणि हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर," मी म्हटलं. "समुद्र जवळ आहे."

"ही पोरगी मला दुकान बंद करायला लावणार," हाज म्हणाले आणि फिल्टर शोधायला वर चढले.

सोमवारी बाबांनी सहाही दारं एका दमात मारली. मी काट्यापाशी उभी होते. तो साडेपाचवर उतरला, पुन्हा सातवर गेला, चारपर्यंत आलाच नाही.

बुधवारी नवरीची आई आली. तिने फोनचा उजेड तिरका धरून एकेक दार पाहिलं. सहाव्यापाशी ती जास्त वेळ थांबली, नख फिरवलं, पुन्हा पहिल्याकडे गेली, परत आली.

"उस्ता," ती शेवटी म्हणाली, "ही मूठ जरा वर नको होती का?"

"पुढच्या मुलीच्या वेळी वर लावू," बाबा म्हणाले.

"मग तिचंही इथेच सांगते. वेळ आहे अजून, ती नववीत आहे."