याडीसाठी पाऊण तास

देवीलालचा शाम अमेरिकेतून नऊ दिवसांसाठी आमच्या बंजारा तांड्यावर आला, तो दोन बॅगा, बायको उज्ज्वला आणि एक रंगीत कागद घेऊन. कागदावर एकेचाळीस घरं होती आणि प्रत्येक घरापुढं वेळ. नातेवाईक हिरव्या रंगात, मित्र पिवळ्यात, "समाजातील मान्यवर" निळ्यात. आईला आम्ही याडी म्हणतो. ती कुठल्या रंगात आहे म्हणून आम्ही कागदभर शोधलं. सापडली शेवटच्या दिवशी. साडेतीन ते सव्वाचार, याडी.

"तिला मुद्दाम शेवटी ठेवलंय," शाम म्हणाला. "निवांत. क्वालिटी टाईम."

आमच्यात आपलं माणूस बऱ्याच दिवसांनी आलं की घरची बाई त्याच्या गळ्यात पडून सुरात रडते. ते नुसतं रडणं नसतं. कोण गेलं, कसं गेलं, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणता बैल विकला, सगळं त्यात चालीवर सांगितलं जातं. आलेल्यानं मान वाकवून शेवटापर्यंत ऐकायचं, एवढंच त्याचं काम. ते झालं की माणूस आला असं धरतात. मग पाणी, मग चहा. मध्येच कोणी त्या बाईला उगी उगी करत नाही. कीर्तनकार कथेत रंगला असताना त्याच्या पाठीवर थोपटून "बस आता महाराज" म्हणावं, तसं ते होतं.

शामची आई धुरपताबाई असं सव्वा वर्षाचं रडणं पोटात धरून बसली होती. देवीलाल मागच्या वर्षीच्या भादव्यात गेला. कपाशीवर अळी पडली म्हणून फवारायला गेला आणि ते विष त्याच्याच अंगात भिनलं. शामचा तेव्हा व्हिसा अडकला होता. फोनवर त्याला "छातीत दुखलं" एवढंच सांगितलं होतं.

"असं फोनवर सांगतेत का?" धुरपताबाईनं तेव्हाच सगळ्यांना बजावलं होतं. "तो आला का त्याच्या गळ्यात पडून मीच सांगीन. कोणी तोंड नाही उघडाचं."

आम्ही कोणी उघडलं नाही.

पहिल्या दिवशी गाडी थांबली, शाम उतरला. धुरपताबाईनं त्याच्या गळ्यात हात टाकले, डोकं टेकवलं आणि पहिला सूर धरला. शामनं लगेच तिच्या पाठीवर थोपटलं. "याडी, रडू नको, मी आलो ना! उज्ज्वला, फोटो घे. याडी, स्माईल."

धुरपताबाईचा सूर तिथंच तुटला. ती बाजूला झाली आणि चहा ठेवायला गेली. पाणीसुद्धा द्यायचं विसरली.

मग सुरू झाली शामची धावपळ. दिग्रसच्या फकिराची गाडी भाड्यानं घेतलेली. रोज परत आला की फकिरा आम्हाला बातम्या द्यायचा. आर्णीला कौसल्या मावशीनं गळ्यात पडून सुरुवात केली, तर शाम तिच्या खांद्यावरून घड्याळ पाहत होता.

"मंग?" आम्ही विचारलं.

"मंग काय, म्हणे मावशी, थोडक्यात सांग. मावशी म्हणे, थोडक्यात तर मी तुया मामा मेला तईबी नाही रडली."

सप्ताहात तर त्यानं कमालच केली. बुवा कथेच्या ऐन भरात होते, द्रौपदीनं धावा मांडलेला, बायांचे डोळे भरलेले. शाम मांडवात शिरला आणि हात जोडून म्हणाला, "महाराज, सत्कार आधी उरकून घेऊ. मला पुढे एक जेवण आहे." बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. शाम वेळेच्या नियोजनावर पंचवीस मिनिटं बोलला. तितका वेळ द्रौपदी तशीच भरसभेत उभी.

तांड्याचे नायक खेमसिंग शेवटी म्हणाले, "पोरगं वाईट नाही. पण एवढ्या घाईनं कोणाले भेटून राह्यलं, त्यालेच मालूम नाही."

नववा दिवस उजाडला. धुरपताबाई दुपारीच ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर बसली. उज्ज्वला पुसदची, शहरात वाढलेली. तिला आमची बोली समजते, बोलता येत नाही. नऊ दिवस ती सासूजवळच राहिली होती, कारण तिचं नाव कागदावर नव्हतं. बॅगा दारात आणून ती उभी राहिली.

साडेतीन झाले. चार झाले. दिग्रसच्या मान्यवरांचं जेवण लांबलं. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी आली. शाम कानाला फोन लावूनच उतरला आणि आईकडं पाहून त्यानं एक बोट वर केलं. एक मिनिट.

धुरपताबाई उठली. त्या बोटाकडं तिनं जरा वेळ पाहिलं. मग वळली आणि सुनेच्या गळ्यात पडली.

उज्ज्वलानं खांद्यावरची पर्स खाली सोडली आणि मान वाकवली.

"तुया सासरा सकाळीच पंप घेऊन गेला वं पोरी... दुपारी आला तं म्हणे, धुरपता, अंधार काहून पडला? ऊन डोक्यावर होतं वं पोरी... चार दिवस दवाखान्यात दिसलं नाही त्याले... आखरीले म्हणे, शामचं इमान आलं का? मी हो म्हणलं वं... आलं म्हणलं... मी खोटं बोलली वं पोरी..."

फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत राहिला. शामचा हात खाली आला होता. तो ओट्याजवळ आला, आईच्या पाठीला हात लावावा म्हणून पुढं झाला. खेमसिंग नायकांनी त्याचं मनगट धरलं. "मधात नाही बोलाचं."

रडणं सरलं. धुरपताबाईनं पदरानं आधी सुनेचं तोंड पुसलं, मग आपलं.

"याडी, हे मला का नाही सांगितलं?"

"सांगूनच राह्यली होती. तू फोटो काढत होता."

"पुन्हा सांग. माझ्या गळ्यात पड आणि सांग. मी थांबतो. विमान गेलं तर जाऊ दे."

"एका माणसाचं एकदाच रडतेत, बापा," धुरपताबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मायाजवळ होतं ते आता तिच्याजवळ गेलं. तिले इचार. तिले टाईम असला तं सांगन."

ती पाणी आणायला आत गेली. शामनं ते उभ्यानंच प्यायलं.

रोज तो फकिराच्या शेजारी बसायचा. त्या दिवशी मागं, उज्ज्वलाजवळ बसला. गाडी निघाली, नाल्यापर्यंत गेली आणि थांबली. आम्हाला वाटलं, पंक्चर. मग फकिरा एकटाच उतरला, दार हळूच लावलं आणि लांब बांधावर जाऊन बसला.