आईच्या बोलण्याखालच्या ओळी

आई बायकांना मोटार चालवायला शिकवायची. लग्न होऊन परदेशात आली, नवरा लवकर गेला आणि याच कामावर तिने मुलीला वाढवलं. त्या मुलीने आता तिच्यावर माहितीपट केला होता.

शूटिंग दोन्ही देशांत झालं. इथे आई शिकाऊ बायकांना इथल्या भाषेत दटावायची, मध्येच “अगं बाई, क्लच हळू सोड” म्हणायची. तिकडे माहेरी मामा हसला, “ताई, तू परक्या पाहुणीसारखी बोलतेस गं.”

“आणि तिकडे परदेशात म्हणतात, माझी बोली गावाकडची,” आई म्हणाली. “तुम्ही आणि ते मिळून काय ते ठरवा, तोवर मी जेवून घेते.”

इथल्या टीव्ही चॅनेलच्या बाईंना फिल्म आवडली. “फक्त आई आपली इथली भाषा बोलतात तिथेही खाली सबटायटल देऊ. त्यांचे उच्चार वेगळे पडतात. आणि तिकडच्या पोशाखात खिडकीबाहेर बघतानाचा एक शॉट घ्या. दोन जगांत अडकलेली स्त्री.”

मुलीने घरी हे सांगितलं, तेव्हा आई भांडी पुसत होती.

“खिडकीशी उभं राहायला मला फुरसत कधी होती? आणि अडकलेय कुठे? दोन्हीकडे माझं चालतं.” मग तिचा हात थांबला. “म्हणजे मी बोलतेय तेच खाली लिहिणार?”

“हो.”

“इतक्या बायका शिकवल्या, एकीनेही गाडी भिंतीवर घातली नाही. त्यांना कळत होतंच ना मी काय बोलते?”

पुढच्या बैठकीला मुलीने नवी प्रत लावली. फिल्ममध्ये स्थलांतरित स्त्रियांविषयी बोलणारे इथले प्राध्यापक होते. त्यांच्या बोलण्याखालीही सबटायटल होते.

“सरांना कशाला?” बाई चपापल्या. “अपमान वाटेल त्यांना.”

“आईलाही वाटला. द्यायचे तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.”

“मग आम्हाला ही फिल्म घेता येणार नाही.”

हार्ड डिस्क पिशवीत टाकून मुलगी निघाली.

फिल्म वाचनालयाच्या सभागृहात दाखवली, इथल्या भाषेतल्या बोलण्याखाली एकही ओळ न लिहिता. आईच्या हाताखाली शिकलेल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. पडद्यावर आई कुणाला रागवायला लागली, की तिचं वाक्य संपायच्या आतच त्या हसायच्या.

परतताना मुलगी म्हणाली, “टीव्हीवर सगळ्या शेजाऱ्यांनी बघितलं असतं तुला.”

“ज्यांना बघायचंय त्यांनी रस्त्यावर बघावं. रोज तिथेच असते मी,” म्हणत आईने गाडी सुरू केली.