आठातला एक तास

“आठ तास? मॅडम, नव्या पोरांना आठ तास सांगण्यासारखं आहे तरी काय?” प्राचार्यांनी जमनाच्या आराखड्याची पानं न उलटताच परत सरकवली.

“सर, दिवाळीपर्यंत पहिल्या वर्षाचा निम्मा वर्ग रिकामा होतो. सोडून गेलेल्यांच्या घरी जाऊन आले मी. अभ्यास जड गेला म्हणून सोडणारे थोडेच. बाकीच्यांना विचारायचं कुणाला, तेच कळलं नव्हतं.”

“एक दिवसाचा कार्यक्रम ठेवू. मुंबईहून स्पीकर बोलवू. उमेश सर बघतील सगळं. फोटो चांगले आले पाहिजेत, तपासणीची कमिटी येतेय.”

जमना हाडळ तलासरीच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. सातवं वर्ष होतं, दर जूनला नवी ऑर्डर. ती स्वतः उपलाटच्या एका पाड्यावरून पहिल्यांदा कॉलेजात आली, तेव्हा अकरा दिवस चुकून कॉमर्सच्या वर्गात बसली होती. शेजारच्या मुली आकडे लिहून घेत, तीही घेई. विचारायची हिंमत नव्हती. बाराव्या दिवशी कॉलेजच्या हिरू शिपायांनी तिचा घोळ ओळखला, रागावले नाहीत, योग्य वर्गापर्यंत सोबत चालत गेले. नाहीतर त्या आठवड्यात ती घरी परतणारच होती.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण आठ तासांचा आराखडा त्यातूनच आला होता. आठवड्याला एक तास. पहिल्यात वेळापत्रक वाचायचं. दुसऱ्यात ऑफिसच्या खिडकीवर जाऊन प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा. तिसऱ्यात पुस्तकातलं एक पान, न कळलेल्या शब्दांखाली रेघा. नापास झाल्यावर काय करायचं, याला एक अख्खा तास.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलं दहापासून हॉलमध्ये बसली. वक्ते साडेअकराला आले. “जंगलातून बाहेर या!” ते माइकवर ओरडले. “माझ्यासोबत म्हणा, मी जिंकणार!” मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि म्हटलं. मग त्यांनी पुढच्या रांगेतल्या मुकेशला उभं केलं.

“तू वारली ना? तारपा वाजवतोस?”

“नाय सर.”

“अरे, मग नाचून तरी दाखव! लाजू नको!”

मुकेश खाली मान घालून उभा राहिला. त्याला बारावीला गणितात अठ्ठ्याऐंशी होते. हॉलमध्ये हशा पिकला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. उठून माइक हिसकावून घ्यावा असं जमनाला वाटलं. ती उठली नाही. स्वतःच्या त्या बसून राहण्याची किळस तिला वक्त्याच्या बोलण्याहून जास्त आली.

शेवटी अभिप्रायाचे कागद वाटले. उमेश सर फळ्यापाशी उभे राहून सांगू लागले, “लिहा, कार्यक्रम अत्यंत प्रेरणादायी होता. प्रेरणादायीमधला णा बाणातला.”

सत्तर माना खाली वाकल्या. कोपऱ्यातल्या रविनाने मात्र काही लिहिलं नव्हतं. जमना जवळ गेली तशी ती पुटपुटली, “मॅडम, एक विचारू? नापास झालं तं नाव कापतात का?”

“नाही गं. राहिलेला विषय परत देता येतो.”

“मग माझा भाऊस उगाच घरी बसला,” रविना म्हणाली.

आठवड्याने उमेश सरांनी अहवाल सहीसाठी आणला. जमनाचा आराखडा जसाच्या तसा जोडलेला. वर लिहिलं होतं, आठ तासांचा उपक्रम यशस्वीरीत्या पूर्ण.

“हे झालंच नाही, सर.”

“कोण बघतंय? तुमचंच नाव आहे, मोठं होईल. आणि जूनची ऑर्डर लक्षात आहे ना?”

जमनाने पेन घेतलं. ‘एक कार्यक्रम झाला. आठांपैकी एकही तास झालेला नाही,’ असं लिहून खाली सही केली. उमेश सर कागद घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी अहवाल पुन्हा पहिल्यासारखाच छापला गेला, त्यावर त्यांची सही होती.

त्या वर्षी शेवटचं लेक्चर सुटल्यावर तिने रिकाम्या खोलीत आठही तास घेतले. सत्तरातली अकरा मुलं यायची. त्यात रविना होती. मुकेश कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसापासूनच कॉलेजात दिसला नाही. जमना त्याच्या घरी गेली, तर तो वापीला कंपनीत लागल्याचं त्याच्या आईने सांगितलं.

जूनच्या यादीत जमनाचं नाव नव्हतं.

आता ती घोलवडला एका नर्सरीत चिकूच्या कलमांचं काम बघते. जुलैत तिथेच रविनाचा फोन आला.

“मॅडम, निकाल लागला. दोन विषय राहिले.”

“मग?”

“मग काय, फॉर्म भरला परत. दुसऱ्या वर्षाला बसते आहे.” पुढे ती म्हणाली, “गेटवर मोठा बॅनर लावलाय. त्या दिवसाचा फोटो. मुकेश उभा आहे ना, तोच.”

जमनाने हातातलं कलम खाली ठेवलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते, फोन कान आणि खांद्यात धरलेला.

“मॅडम, आहात का?”

“आहे. कोणते विषय राहिले, सांग.”