तोफबाईचा रिकामा फुगा

आमच्या बाबांनी आयुष्यभर एकाच बाईची थट्टा करून आमची पोटं भरली, आणि ती बाई म्हणजे आमची आई. पेपराच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात रोज त्यांच्या व्यंगचित्राची चौकट असायची. चौकटीत एक बावळट नवरा आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी असलेली तोफबाई. नाक आईचं, अंबाडा आईचा, भुवया तर हुबेहूब. दूधवाल्यापासून माझ्या शाळेतल्या बाईंपर्यंत सगळे आईला तोफबाईच म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई मात्र तो कोपरा सोडून सगळा पेपर वाचायची, आणि मी समजायचे की तिला तो बघवत नाही.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, दुपारच्या झोपेत. आता शहरातल्या व्यंगचित्रांच्या संग्रहालयाने, म्हणजे जुन्या टपाल कचेरीवरच्या तीन खोल्यांनी, एक खोली त्यांच्या चित्रांना दिली होती. चित्रांचे हक्क आईकडे. ती म्हणाली, "उद्घाटनाआधी मी बघणार. नाही पटलं तर सगळी उतरवायची."

आई एकदा बोलली की बोलली. बाबांची चित्रं तिथे राहावीत असं मला मनापासून वाटत होतं, आणि भिंतभर आईचं हसं होऊ नये असंही. दोन्ही कसं जमायचं, देव जाणे.

खोलीला ताज्या रंगाचा वास होता. दारावरच्या पाटीवर बाबांचं नाव आणि खाली 'चित्रे आणि शब्द'. काचेखाली त्यांची शाईची दौत, चावून चावून चपटा झालेला टाक. क्युरेटर बाई तरुण होत्या, आईसमोर जरा टरकलेल्याच.

"काकू, ही मूळ चित्रं. बघा, बोलण्याचा फुगा प्रत्येक चित्रावर वेगळ्या कागदाचा, नंतर चिकटवलेला. चित्र आधी व्हायचं. शब्द सुचायला त्यांना वेळ लागत असणार."

"त्यांना? सुचायला?" आई म्हणाली. मी मनात म्हटलं, झालं, उडाली तोफ.

तेवढ्यात मागे कुणीतरी खो खो हसलं. शेजारच्या खोलीतून एक जोडपं चुकून आत आलं होतं. नवऱ्याला हसू आवरेना.

"काय वाचलंत एवढं?" आईने विचारलं.

तो वाचून दाखवू लागला. "मोजे सापडत नाहीत? लपलेत ते. तुम्ही..."

"...तुम्ही घालणार हे कळलं त्यांना," आईने पुरं केलं. "कपाटामागे यांनीच टाकले होते."

"बाबांनी? कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? चित्र तयार, शब्दांची बोंब. मग घरात येऊन माझी खोडी काढायची. ओला टॉवेल रोज बरोबर माझ्याच उशीवर पडतो, हे न कळायला मी काय खुळी आहे? मी बोलले रे बोलले की कागद घ्यायला पळायचे."

"तुला माहीत होतं? मग ओरडायचीस कशाला?"

"नाहीतर दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापलं असतं?" आई माझ्याकडे बघून चक्क लाजली. "टॉवेल दिसला की मी आधी स्वयंपाकघरात जायचे. दोन-तीन वाक्यं मनात घोळवायचे. एखादं झकास जमलं, की बाहेर येऊन ओरडायचे."

"आणि पेपरातला तो कोपरा कधी वाचला नाहीस तो?"

"माझंच मी काय वाचायचं?"

आयुष्यभर मी या बाईची कीव करत आले होते, आणि ही रोज अख्ख्या शहराला हसवून भांडी विसळायला बसत होती. अभिमानाने माझा ऊर भरून आला.

"चित्रं राहू द्या," आई क्युरेटर बाईंना म्हणाली. "फक्त पाटीवरचं ते 'आणि शब्द' काढा."

"मग शब्द कुणाचे लिहू, काकू?"

"तोफबाई लिहा. त्याच नावाने ओळखतात मला."

शेवटी बाबांचा ड्रॉइंग बोर्ड होता, त्यांच्या टेबलावर सापडला तसाच. त्यावरच्या चित्रात अर्ध्या उघड्या दारातून नवरा चपला हातात घेऊन चोरपावलांनी सटकतोय. मागे तोफबाई, बोट उगारलेलं, तोंड उघडं. फुगा कोरा.

"हे शेवटचं," क्युरेटर बाई हळूच म्हणाल्या. "याचे शब्द राहिलेच."

आई बराच वेळ बघत राहिली. एकदा तिचे ओठ हलले, मग पुन्हा हलले. ती काय करतेय हे आता मला कळत होतं. मग तिने कमरेवर हात ठेवले आणि घरात लावायची तसा आवाज लावला.

"सांगून जायला काय जीभ झिजते तुमची?"

दाराशी उभं असलेलं जोडपं फस्सकन हसलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. क्युरेटर बाईही हसल्या आणि लगेच त्यांनी डोळे पुसले. माझे तर वाहतच होते.

"हसले ना लोक?" आईने मला विचारलं.

"हसले गं."

"मग एक कागद द्या इकडे," ती क्युरेटर बाईंना म्हणाली. "मीच लिहिते. आता कागद घ्यायला पळणारं कुणी नाही."