छज्ज्यामागच्या आठ खिडक्या

कोकणात काचेची इमारत बांधायची बुद्धी ज्याला सुचली, त्याला एकदा ती पुसायला लावली पाहिजे, असं दमयंती साळवी गेली सहा वर्षं येईल त्याला सांगत आली होती. आणि तिचं काय चुकत होतं? रत्नागिरीची हवा रोज उठून मीठ फासते, पावसाळ्यात शेवाळ चढतं, पाऊस सरला की चिऱ्याची तांबडी धूळ बसते. अशा गावात चार मजले वरपासून खालपर्यंत काच! तीही हॉस्पिटलला. दमयंती तिथली सफाईची सुपरवायझर. लोक खिडकीतून पानाच्या पिचकाऱ्या मारायचे, उरलेला भात बाहेर भिरकावायचे, आणि वर तिलाच विचारायचे, "बाई, इथे साफसफाई होत नाही काय?"

काचा पुसायचं काम बाबल्याचं. तो मंडणगडाकडचा, चाळिशीचा, सडपातळ गडी. वीस वर्षं आंब्याच्या बागांतून त्याने झेला चालवलेला. लांब काठी, टोकाला पातं नि जाळी, आंबा देठासकट अलगद खाली. हॉस्पिटलात लागल्यापासून मात्र तोच काठीच्या टोकाला गेल्यासारखा झाला होता. गच्चीवर टाकीच्या खांबाला दोर बांधायचा, दोराला फळी, फळीवर बाबल्या, मांडीत बादली. तो खाली सुटायच्या आधी दमयंती स्वतः गच्चीवर जाऊन गाठ ओढून बघायची.

मग मार्चमध्ये मोठे डॉक्टर, म्हणजे मालक, परदेशात कुठेसे फिरून आले आणि येताना नवीन खूळ घेऊन आले. तिकडे म्हणे माणूस जमिनीवर उभा राहून चौथ्या मजल्याची काच धुतो. पोकळ, हलका पोल, त्यातून पाण्याची नळी, टोकाला ब्रश, ब्रशातूनच पाणी. दमयंतीने जन्मात पहिल्यांदा त्यांच्या एखाद्या खुळाला मनापासून हात जोडले.

पुण्याहून सामानवाला आला. डॉक्टरांचा भाचा सुजय हॉस्पिटलचा सगळा कारभार बघायचा. त्याने खरेदीचं काम दमयंतीवर टाकलं. "ताई, तुम्हीच निवडा, तुम्हाला त्यातलं कळतं." सामानवाल्याने पार्किंगमध्ये ताडपत्री पसरून दुकान मांडलं. दमयंतीने एकेक ब्रश आपल्या तळहातावर घासून पाहिला. राठ ब्रश नको, काचेवर ओरखडे जातील. अगदी मऊही नको, मिठाचा थर निघायचा नाही. कडेला राठ नि मध्ये मऊ होता, तो तिने बाजूला काढला. पाण्याच्या तोट्या दोन तऱ्हेच्या होत्या. एकीतून बारीक धार लागायची, दुसरीतून पंख्यासारखं पाणी पसरायचं. तिने धारेच्या घेतल्या, कारण कबुतरांची घाण नुसत्या शिंतोड्यांना दाद देत नाही. विहिरीचं पाणी काचेवर वाळलं की तांबूस ठिपके राहतात, म्हणून गाळणीही धरली.

बाबल्या इतका वेळ बाजूला उभा होता. त्याने पोल उचलला, दोनदा हातात तोलला नि म्हणाला, "ह्याचं तोंड कलतं करायला काय हाय काय?"

"म्हणजे?"

"झेला काठीला सरळ बांधला तर आंबा गावत नाय. कलता लागतो. आणि तिसऱ्या माळ्यावर बघा की ओ, छज्जा आडवा येतोय."

खरंच होतं. तिसऱ्या मजल्यावर आठ खिडक्या छज्ज्याच्या आत, चांगल्या हातभर मागे होत्या. पोल खालून सरळ नेला की ब्रश छज्ज्याच्या कडेवरच अडायचा. सामानवाल्याने हसत एक लांब, वाकडी नळी काढली. बगळ्याच्या मानेसारखी ती पोल आणि ब्रश यांच्यामध्ये बसायची. बाबल्याने ती जोडली, पोल वर नेला, मनगट जरासं फिरवलं आणि ब्रश छज्ज्यावरून वाकून आतल्या काचेवर पालथा पडला. खळखळ पाणी सुटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ती खिडकी धुतली जात होती आणि बाबल्याचे पाय जमिनीवर होते. दमयंतीला इतकं हलकं वाटलं, की तिने सामानवाल्याला स्वतःच्या डब्यातलं घावन खायला घातलं.

यादी तिने स्वतःच्या अक्षरात केली. पोल, ब्रश, तोट्या, नळी, गाळणी, आणि शेवटी मान. खाली सुजयने सांगितलेली एक ओळ लिहिली. वरील सामानाने इमारतीच्या सर्व काचा जमिनीवर उभे राहून स्वच्छ होतात. आणि सही केली.

सामान आलं. पोलाला हार घातला, नारळ फोडला, मोठ्या डॉक्टरांनी पोल गदेसारखा खांद्यावर घेऊन फोटो काढून घेतला. फोटोत सुजय होता, दोन नर्सा होत्या, वॉचमनसुद्धा होता. बाबल्या नव्हता, तो आडोशाला नळ धरून बसला होता. दमयंतीने खोकं उलटंपालटं केलं. मान नव्हती.

"अहो ताई, ती वाकडी नळी काढून टाकली मी," सुजय म्हणाला. "तिच्याऐवजी दोन ब्रश जादा मिळाले. ऑफर होती!"

"आणि त्या आठ खिडक्या?"

"बघू ना. पुढच्या ऑर्डरला घेऊ."

तेव्हाच आकांडतांडव करायला हवं होतं. पण ती नुसती पुटपुटली, चहा प्यायली आणि कामाला लागली. पुढची ऑर्डर सात महिने पुढेच राहिली. बाकीची इमारत आरशासारखी झाली आणि त्या आठ खिडक्या पावसाळाभर हिरव्या होत गेल्या.

ऑक्टोबरात दर्जाचं सर्टिफिकेट देणारी माणसं मुंबईहून येणार असं कळलं आणि सुजयच्या अंगात आलं. नाकाला रुमाल लावून तो सगळं हॉस्पिटल पालथं घालत फिरला. तिसऱ्या मजल्यावर थबकला. "शी! ह्या काचा? सोमवारी माणसं येतायत. शुक्रवारपर्यंत मला चकाचक पाहिजेत."

"मान आणा, तासाभरात करून देते," दमयंती म्हणाली.

"काहीतरी करा हो तुम्ही. सगळं मीच सांगायचं का?"

शुक्रवारी सकाळी ती खाली लाँड्रीत चादरी मोजत होती. तिसऱ्या मजल्यावरची नर्स श्रद्धा धापा टाकत आली. "ताई, वर चला. आधी चला."

तिसरा मजला हाडांच्या पेशंटांचा. खिडकी सताड उघडी होती, आणि बाहेर छज्ज्यावर बाबल्या उभा होता. अनवाणी. आंबोळीवर तूप सोडावं तसं त्या हिरव्या शेवाळावर पाणी चकाकत होतं. त्यात कबुतरांची विष्ठा, गुटख्याच्या पुड्या, आंबलेला भात, कुणाचं तरी रक्ताळलेलं बँडेज, फुगलेला डायपर, असा सगळा रेंदा झालेला. त्या रेंद्यात बाबल्याची बोटं रुतली होती. हातात आखूड केलेला पोल होता आणि ब्रशातून पाणी सुटून त्याच्याच पायाखाली जात होतं. कमरेला दोर नव्हता. खाली तीन मजले आणि फरशी.

खिडकीपाशी कॉटवर रावजी होता, मालगुंडचा. आंब्याच्या फांद्या छाटताना पडून खुब्यात पट्टी घातलेला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, त्याला आधी आत घ्या. मी सुक्या फांदीवरनं गेलो. हा ओल्यात उभा हाय."

दमयंतीच्या ओठावर शिवी आली होती, ती तिने गिळली. दचकला असता तर? ती अगदी हळू बोलली. "बाबल्या, खाली बघू नको. पोल सोड. सोड म्हणते ना. पाठ भिंतीला लाव. हां. आता हात दे."

पोल खडखडत छज्ज्यावर पडला. त्याचा बुळबुळीत, घाणीने भरलेला हात तिने दोन्ही हातांनी धरला, श्रद्धाने त्याचा सदरा धरला आणि दोघींनी त्याला आत ओढून घेतलं. वॉर्डच्या पांढऱ्या लाद्यांवर हिरवट-काळे पाय उमटले. दमयंतीला शिसारी आली. रोज ती याहून भयंकर घाण उचलायची आणि वर जेवायलाही बसायची, घाणीने तिला कधी काही झालं नव्हतं.

"दोर कुठाय रे तुझा?"

"साहेबांनी भंगारात दिला की. पोल आला, आता उंचावरचं काम बंद. दोर दिसला तर तपासणीवाले विचारतील, हा कशाला म्हणून." तो पायजम्याला हात पुसत हसला. "पडलो नाय ना ताई? मग?"

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती काय असते ते दमयंतीला त्या जिन्यात कळलं. हात न धुता ती तशीच सुजयच्या केबिनमध्ये शिरली. तो फायलींना रंगीत चिठ्ठ्या लावत बसला होता.

"बाबल्याला दोराशिवाय छज्ज्यावर कुणी पाठवलं?"

"ताई, आधी हात धुवा ना. वास येतोय." त्याने खुर्ची मागे घेतली. "आपल्याकडे उंचावर कुणी चढतच नाही. हे बघा, तुमचंच अक्षर." त्याने फाइल फिरवली. तिची यादी. शेवटच्या ओळीतल्या मानेवर पट्टीने आखलेली सुबक रेघ, आणि खाली ती सर्व काचांची ओळ आणि तिची सही, जशीच्या तशी.

"ह्यात मान होती तेव्हा मी सही केली होती."

"कागदावर सही आहे ना? झालं. आणि तुम्ही कशाला टेन्शन घेता? तो स्वतःच्या मर्जीने चढला, तसं लिहून दिलंय त्याने."

दुसरा कागद. टाइप केलेला मजकूर होता. मी छज्ज्यावर कोणाच्याही सांगण्यावरून न जाता माझ्या मर्जीने गेलो, काही झाल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही. खाली बाबल्याची वाकडीतिकडी सही आणि तारीख. दमयंतीने तारीख दोनदा वाचली. कालची होती. माणूस चढायच्या आदल्या दिवशी 'मी चढलो' म्हणून सही! म्हणजे हा पडणार, हे यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याच्या मरणाचा कागद पंच करून फाइलला लावून मग त्याला वर धाडला होता.

"तुम्हाला किळस नाही येत हो स्वतःची?" ती म्हणाली.

सुजयला खरोखरच प्रश्न कळला नाही. त्याने हात धुवायचं सॅनिटायझर पुढे सरकवलं.

ती खाली गेली. पोल खाली आणवला, त्याचा ब्रश तोट्यांसकट काढला. स्टोअरमधले ऑफरचे दोन ब्रशही घेतले आणि सगळे पिशवीत कोंबले. सुजय मागोमाग आला होता.

"हे काय चाललंय?"

"मान येईपर्यंत ब्रश माझ्या घरी."

"चोरी आहे ही, ताई. पोलिसांत देईन."

"द्या. पोलीस आले की त्यांना आधी छज्जा दाखवते आणि मग तुमची ती तारीख."

तो पोलिसांत गेला नाही. सोमवारी तपासणीवाले आले, फायली चाळल्या, काजूकतली खाल्ली आणि "व्हेरी गुड" म्हणून गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काचांकडे एकानेही मान वर करून बघितलं नाही. त्या वॉर्डात पडदे ओढलेले होते.

दहा-बारा दिवसांत ऑक्टोबरच्या उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने सगळी इमारत पांढुरकी पडली. मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमधून समुद्र दिसायचा, तो दिसेनासा झाला. त्या दिवशी मग धावपळ सुरू झाली. सात महिने जी मान येत नव्हती, ती दोन दिवसांत कुरियरने हजर! डॉक्टरांनी दमयंतीला बोलावून पंधरा मिनिटं झापलं. काच म्हणजे हॉस्पिटलचा चेहरा, आणि तिने तो चेहरा खराब केला. पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल. तिने छज्ज्याचं सांगितलं, दोराचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. ते फोनमध्ये काहीतरी बघत "हो, हो, कळलं" म्हणाले. बाबल्याचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. त्यांना बहुधा ते माहीतच नव्हतं.

तिने ब्रश परत आणले. पार्किंगमध्ये उभं राहून बाबल्याने मान जोडली, पोल वर नेला आणि छज्ज्यावरून वाकवून पहिल्या खिडकीवर पालथा घातला. हिरवं पाणी ओघळायला लागलं. दमयंती नळाशी उभी होती.

"आणली बघा शेवटी सुजय साहेबांनी," बाबल्या खूश होऊन म्हणाला. "मनानं वाईट नाय ओ तो माणूस."

दमयंतीचं डोकं फिरलं. "गाढवा! त्याने तुझ्याकडून कागदावर सही घेतली, ती वाचून तरी बघितलीस का? की दिला कागद, की ओढली सही?"

"वाचून दाखवली की त्यांनी. सगळी."

"आणि तरी केलीस?"

बाबल्याने वर बघतच दुसऱ्या खिडकीकडे ब्रश नेला. "साहेब म्हणाले, जमिनीवरनं सगळ्या काचा होतात असं ताईंनी सहीनिशी लिहून दिलंय. तू पडलास तर पोलीस ताईंना नेणार. मग मी म्हटलं, आणा इकडे तो कागद."

सुजयची किळस दमयंतीला आधीच आली होती. आता आपल्या त्या सहीची आली, आणि मान आली नसतानाही मुकाट्याने प्यायलेल्या त्या चहाचीही.

"ताई, पाणी कमी झालं," बाबल्या म्हणाला, आणि तिने नळ आणखी सोडला.